निरोगी नमुना क्रमांक सतरा

"मौसाजी, तुम्ही माझे हेल्दी कंट्रोल बनता का?"

समृद्धीनं हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात शेवेची बरणी होती. रविवार, सकाळचे साडेनऊ, खाली जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात शटरं वर जात होती आणि समोर पोहे होते. मला वाटलं, शहरातल्या कुठल्यातरी मॅरेथॉनमध्ये नाव द्यायचं असेल. "काय करावं लागते?" मी विचारलं. "काही नाही. सँपल द्यायचं." "रक्त?" "नाही ना. सकाळचं. पोटातलं." ओट्यापाशी उभी असलेली माझी बायको वसुधा न वळताच म्हणाली, "खाऊन राहिले ना ते? काहून आत्ताच?" "मावशी, सायन्स आहे." "सायन्स असू दे, पोहे पण आहेत." मी शेव टाकली. जरा जास्त पडली. "रोग्यांशी ताडून पाहायला पन्नासच्या वरचा निरोगी माणूस पाहिजे," समृद्धी म्हणाली, "आणि तुम्ही एकदम फिट बसता." माझ्याबद्दल कोणी इतकं स्पष्ट मत देऊन फार वर्षं झाली होती. मी हो म्हणालो. त्या दिवशी मला शौचावाटे रक्त जायला लागून चार महिने झाले होते, आणि ते माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

समृद्धी ही वसुधाच्या मोठ्या बहिणीची, इंदूची मुलगी. इथल्याच एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. विषय आहे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात नॉन-कोडिंग आरएनए काय करतो. घरात या विषयाचं नाव कोणी पूर्ण घेत नाही. वसुधा 'तिचं ते आतड्याचं' म्हणते, इंदू 'कॉलेजचं काम' म्हणते. कारण समृद्धीचे वडील अण्णा, म्हणजे माझे साडू, रेल्वेत होते आणि तीन वर्षांपूर्वी ह्याच रोगानं गेले. विषय मी निवडला नाही, गाईडनं दिला, असं समृद्धी सांगते. खरंही असेल. तिला तीस रोगी आणि तीस निरोगी पाहिजे होते. रोगी वर्षभरात मिळून गेले. त्यांच्यात नाही म्हणायची ताकद नव्हती. निरोगी सोळावर अडकले होते. निरोगी माणसाला ही मागणी अपमान वाटते. एका निवृत्त प्राचार्यांनी तिला पाणी दिलं, आशीर्वाद दिला, आणि डबीत काय भरायचं हे ऐकल्यावर दार दाखवलं. नगरसेवकाच्या भावानं सांगितलं, "बेटा, रक्तदान करवा लो, सौ आदमी खड़ा कर दूँगा. ये नहीं हो पाएगा." मी विचारलं, तुझ्या घरचे, काका-बिका? "बाबांच्या रक्ताचं कोणी चालत नाही. मी पण नाही चालत. तुम्ही नुसते लग्नानं आलेले ना, म्हणून चालता." लग्नानं आलेल्या माणसाचा असाही उपयोग होतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिनं फॉर्म काढला. दोन पानं होती, हिंदीत. भूक, वजन, ताप, पोटदुखी, शौचातून रक्त, घराण्यात कोणाला. प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना. मी एका संरक्षण कारखान्यात तपासनीस आहे आणि आमची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते, म्हणजे एक फॉर्म येतो. त्यात सगळे जण वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहितात: निरंक. मधुमेहवाले निरंक लिहितात, एका डोळ्यानं कमी दिसणारा तिवारी निरंक लिहितो. फॉर्म डॉक्टर वाचत नाहीत, कारकून वाचतो, आणि निरंकशिवाय काही दिसलं की कारकुनाचं काम वाढतं. हात आपोआप चालला. पाचव्या ओळीवर तो थांबला असावा असं मला नंतर वाटलं, पण तेव्हा थांबला नव्हता. सही केली, तारीख टाकली, पेन तिचं तिला परत दिलं. मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला पाहिजे होतं, एवढं मात्र वाटलं.

मग तिनं मला समजावून सांगितलं. नियम आहे म्हणे, समजावल्याशिवाय सही चालत नाही. सही आधी झाली होती तो भाग आम्ही सोडून दिला. "तुमच्या कारखान्यात ड्रॉइंग असते ना?" "असते." "ते कपाटात राहते. शॉपमध्ये त्याची कॉपी जाते, कॉपी पाहून माल बनते. डीएनए म्हणजे ड्रॉइंग, आरएनए म्हणजे कॉपी, प्रोटीन म्हणजे माल." "हे दहावीत होतं." "हाँ, पण दहावीत हे नव्हतं की बऱ्याच कॉप्या अशा असतात की त्यावरून काहीच माल बनत नाही. पहिले लोक म्हणत, कचरा आहे. आता समजून राहिलं की कोणती मशीन चालवायची, कोणती बंद ठेवायची, ते यातलेच काही जण ठरवतात." मी म्हणालो, "म्हणजे इन्स्पेक्शन." ती हसली. "तसंच समजा. आता एक असतो मायक्रो-आरएनए एकवीस. इतकुसा, वीस-बावीस अक्षरांचा. पेशीला 'बस कर, थांब' म्हणणारे जे असतात ना, त्यांना हा चूप बसवते. थोडा तर सगळ्यांतच असते. ट्यूमरमध्ये खूप वाढते. मग थांब म्हणणारं कोणी उरतच नाही. सगळं पास." शेवटचे दोन शब्द तिनं माझ्या सोयीसाठी वापरले होते. त्यानंतर ती बरंच काही बोलली. लांब आरएनए, छोटे आरएनए, कोण टिकते, कोण तुटते. मी पोह्यातले शेंगदाणे एका कडेला लावत होतो. मला एवढंच ऐकू आलं की गर्मी लागली की आरएनए तुटून जाते, टिकवायचं औषध संपलेलं आहे आणि त्याची ऑर्डर अडकलेली आहे, म्हणून डबी बर्फात ठेवायची आणि दोन तासांत पोचवायची. गर्मी लागली की तुटून जाते. मे महिना होता.

कारखान्यात अठ्ठावीस वर्षं झाली. दुसऱ्यांनी बनवलेल्या धातूच्या तुकड्यांना मी माप लावतो. मशीनवरचे लोक आम्हाला टोमणे मारतात, "बाबूजी, तुम लोग चाय के अलावा कुछ बनाते हो?" आम्ही काही बनवत नाही. हिरवा शिक्का मारतो किंवा लाल रंग लावतो. प्रत्येक मापाला थोडी सूट असते, इकडे इतकी, तिकडे इतकी. त्यात बसलं की माल पास. जानेवारीत पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मला वाटलं, बीट खाल्लं असेल. बीट खाल्लं नव्हतं. मग वाटलं, काल मिरचीचं लोणचं जास्त झालं. मग मी काही वाटून घेणं बंद केलं आणि नुसतं पाहायला लागलो, रोज, उभ्यानं, वाकून, चष्मा लावून, आणि रोज ते सुटीत बसवलं. फेब्रुवारीत सूट थोडी वाढवली. मार्चमध्ये आणखी. एप्रिलात पट्ट्याला एक भोक पुढं गेलं, तर वसुधा म्हणाली, "बारीक होऊन राहिले तुम्ही, चांगलं आहे, सकाळचं फिरणं लागू पडलं." मी फिरायला जात नव्हतो. मी चौकातल्या बाकावर बसत होतो आणि उठण्याइतकं बरं वाटलं की घरी येत होतो.

मूळव्याध म्हणता आली असती. सगळे म्हणतात. रेल्वे पुलाच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर, ऑटोच्या पाठीवर, जबलपुरात जिकडे बघाल तिकडे बवासीरचा शर्तिया इलाज लिहिलेला आहे. अर्ध्या शहरानं स्वतःला हाच शब्द देऊन टाकला असेल. मला देता येत नव्हता, कारण तो माझा एकदा वापरून झाला होता. अण्णा होते तेव्हाची गोष्ट, जबलपूरजवळच्या पाटनला नात्यातलं लग्न होतं. मंडपाच्या मागे पाण्याचे ड्रम ठेवले होते, तिथे मी हात धुवायला गेलो आणि अण्णा माझ्या मागे आले. ते रेल्वेत गार्ड होते, बोलायचे मोठ्यानं, पण तेव्हा हळू बोलले. "चिंतामणी, एक विचारू का? हसू नको." मग त्यांनी सांगितलं. किती दिवसांपासून, कोणत्या रंगाचं. पंगत बसली होती, कोणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं, वरणभाताचा वास येत होता आणि मला खूप भूक लागली होती. मी म्हणालो, "मूळव्याध असेल अण्णा. बसून काम करणाऱ्यांना होतेच." वर एका मलमाचं नावही सांगितलं. अण्णांचा चेहरा असा मोकळा झाला की मलाच माझं बरं वाटलं. ते म्हणाले, "तू तपासनीस माणूस, तू म्हणतो तर तेच असेल." आम्ही शेजारी शेजारी जेवलो. त्यांनी दोनदा जिलेबी घेतली. आठ महिन्यांनी जेव्हा त्यांचं पोट फुगून त्यांना उचलून न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी इंदूला विचारलं, इतके दिवस काय करत होते? इंदूला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. अण्णा काही बोलले नाहीत. मी खोलीच्या दाराशी फळांची पिशवी घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साध्या नजरेनं, जसं कोणी फळं घेऊन आलेल्या माणसाकडे पाहतं. नंतर मी ती नजर पुष्कळदा तपासली आहे. तिच्यात काही सापडत नाही.

बुधवारी सकाळी मी डबी भरली. झाकणालाच एक छोटा चमचा होता, सोय चांगली होती. वर स्टिकर होतं, त्यावर नाव नाही, फक्त नि-१७. वसुधानं फ्रीजमधला बर्फ थर्मासच्या डब्यात घालून दिला आणि नंतर तो डबा घरात आणायचा नाही असं बजावलं. समृद्धीची प्रयोगशाळा घरापासून पंधरा मिनिटांवर. मी स्कूटर उलट दिशेला वळवली आणि रिछाईला गेलो. त्या दिवशी माझी तिथे ड्यूटी होतीच; रिछाईच्या छोट्या कारखान्यांत आमचे काही सुटे भाग बनतात आणि ते पाहायला मला जावं लागतं. स्कूटर पत्र्याच्या भिंतीला लावली, जिथे दिवसभर सावली येत नाही. डबा डिक्कीत. बर्फ मी गेटापाशीच सांडून दिला होता. मातीवर पडला तसा लगेच नाहीसा झाला. आत मालक विक्की भैयानं मला नेहमीप्रमाणे कपड्यात गुंडाळलेला एक तुकडा दाखवला. असा एक सुंदर तुकडा सगळेच ठेवतात, तपासणीवाल्यांसाठी. तो मापात बसतो, चमकतो, आणि मागच्या चारशे तुकड्यांबद्दल काहीही सांगत नाही. मी तो मापला. "बढ़िया है ना, सर?" "बढ़िया है." बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. मी दर तासानं खिडकीतून स्कूटरकडे पाहत होतो. आत काहीतरी तुटत असेल, अक्षरापासून अक्षर सुटत असेल, असं मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. हायसं वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटलं नाही. तीन वाजता निघालो, वाटेत उसाच्या रसवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ घेऊन डब्यात भरला आणि समृद्धीच्या हातात दिला. "उशीर झाला बेटा, ड्यूटी निघाली. पण बर्फात होतं सगळं." डबा गार लागला म्हणून ती म्हणाली, "थँक यू मौसाजी. तुम्ही पहिले आहात ज्यांनी तोंड वाकडं नाही केलं."

पुढचे सोळा दिवस मी ऑफिसला गेलो, आलो, जेवलो. आंबे आले. एक लोकल चॅनेल पारा किती चढला ते सांगायचं, आम्ही तो आवाज चालू ठेवून टीव्हीकडे न बघता बसायचो. सकाळी वाकून पाहणं मी बंद केलं होतं, डोळे मिटून साखळी ओढायचो. कधीकधी लक्ष समृद्धीच्या त्या एकवीस नंबरवाल्याकडे जायचं. तो काही बनवत नाही, कुठे दिसत नाही, फक्त थांब म्हणणाऱ्याच्या जवळ जाऊन बसतो, आणि मग कोणी थांब म्हणत नाही. त्यालाही त्या वेळी भूक लागलेली असेल.

शनिवारी वसुधा पापड लाटायला इंदूकडे गेली. ती गेल्यावर अर्ध्या तासानं समृद्धी आली. मावशी घरी नाही हे तिला ठाऊक होतं, तिला पापडांशी बसलेली पाहूनच ती स्वतःच्या घरून निघाली होती. पाणी प्यायली नाही. पिशवीतून फाईल काढून मांडीवर ठेवली.

"मौसाजी, सँपल गर्मीत राहिलं होतं."

"बर्फ होता ना."

"होता. उसाचा वास येत होता बर्फाला."

ती म्हणाली, "लांबवाले सगळे तुटून गेले. काहीच नाही उरलं." मी अरेरे म्हणालो. जमेल तितकं वाईट वाटल्यासारखं म्हणालो. "गाईड मॅडम म्हणाल्या, फेकून दे. मी नाही फेकलं. मुश्किलीनं सतरावा मिळाला होता. आणि छोटेवाले मजबूत असतात, मौसाजी. ते गर्मीत पण टिकतात. मी सांगितलं होतं त्या दिवशी. तुम्ही शेंगदाणे निवडून राहिले होते."

पंखा फिरत होता. त्याच्या एका पात्यावर धूळ जास्त आहे हे माझ्या लक्षात आलं.

"एकवीस खूप आहे," ती म्हणाली. "मला वाटलं माझ्याच हातून काही चुकलं. तीनदा मशीनवर लावलं. बाकी सोळा जणांमध्ये नाही बसत ते. पेशंटच्या लायनीत बसते." मग ती घाईघाईनं, पाठ केल्यासारखी बोलायला लागली. "देखो, मला हे तुम्हाला सांगायची परवानगी नाही. आणि ही टेस्ट नाही, रिसर्च आहे. एका सँपलवरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या कारणानं पण वाढू शकते, सूज असली तरी वाढते. मी काहीच म्हणून नाही राहिली." तिनं फाईल उघडून माझा फॉर्म माझ्यासमोर धरला. "पण हे बघा. निरंक. निरंक. निरंक. निरंक. टेंडर भरून राहिले होते का तुम्ही?"

"सवय आहे."

"मग आता तुम्हीच सांगा. मी तुम्हाला कोणत्या गटात ठेवू? निरोगीत ठेवलं तर माझा पूरा डेटा खराब होते. काढून टाकलं तर कोणाला काही समजणार नाही, खराब सँपल म्हणून लिहून देईन, सोळाच राहतील. तुम्ही म्हणा. मी तेच करते."

काढून टाक, म्हणायचं होतं. दोन शब्द, दोन्ही तयार होते. तिला दुसरा सतरावा मिळाला असता, मी पापडाची चौकशी केली असती, संध्याकाळी वसुधा आली असती. मी तिच्या हाताकडे पाहिलं. नखं कापलेली, बोटांवर जांभळा डाग, औषधाचा की शाईचा. अण्णांची बोटं अशीच होती, टोकाशी चपटी. अंगात कुठे काही हललं नाही. तोंड मात्र उघडलं.

"जानेवारीपासून," मी म्हणालो.

मग तिनं माझा फॉर्म मिटला, फाईलच्या मागच्या भागातून दुसरा काढला, चार पानांचा, आणि पेनचं टोपण दातानं उघडलं. रोज का? रोज. रंग? सांगितला. वजन? पट्ट्याची दोन भोकं. दोन? हो, मे महिन्यात आणखी एक. चक्कर? बाकावर बसायचो. ती लिहीत होती आणि तिचा आवाज हळूहळू हिंदीत जात होता, जसा दवाखान्याच्या खिडकीपलीकडच्या माणसांचा असतो, दर्द होता है कि नहीं, भूख कैसी है. मीही हिंदीत उत्तरं द्यायला लागलो. सोपं जात होतं. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं.

तिसऱ्या पानावर ती पुन्हा मराठीत आली. "सगळ्यात पहिले कोणाला सांगितलं? हा रकाना मी टाकला आहे, मॅडमच्या फॉर्ममध्ये नव्हता. लोक किती उशिरा येतात ते पाहायचं असते." ती कागदाकडे बघूनच बोलत होती. "बाबांनी शेवटपर्यंत कोणालाच नाही सांगितलं. एकाला जरी सांगितलं असतं ना, मौसाजी. कोणालाही."

"मला सांगितलं होतं."

पेन थांबलं. खाली कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी आने दो, आने दो ओरडत होतं. टेम्पो लागेपर्यंत आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

"तुम्ही काय म्हणाले?"

"मूळव्याध असेल, म्हणालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं, मग ओरडेल असं वाटलं, मग उठून जाईल असं वाटलं. मी तिन्हींसाठी तयार होतो, म्हणजे माझी कशासाठीच तयारी नव्हती. तिनं नाक पुसलं, मनगटानं, लहानपणी पुसायची तसं. फॉर्म सरळ केला.

"आणि तुम्ही? तुम्ही पहिले कोणाला सांगितलं?"

"तुला," मी म्हणालो. "आत्ता."

तिनं त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. मी वाट पाहिली. अशा वेळी समोरचा माणूस काहीतरी बोलतो. काही नसेल म्हणतो, सगळ्यांना होते म्हणतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा मोकळा होतो. ती काही म्हणाली नाही. टोपण लावलं, पेन पिशवीत टाकलं आणि उभी राहिली.

"शर्ट बदला," ती म्हणाली. "डॉक्टर दोन वाजेपर्यंत बसतात."